लेपाच्या पिल्लांनी काय खाल्लं, कुणाच्या ताटातलं खाल्लं: चपट्या माशांच्या आहाराचा अभ्यास, सुरुवातीपासून

एम.एस्सी.च्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत मी मोठ्या रुबाबात सांगितलं होतं की आमच्या खाडीच्या तोंडाशी चपट्या माशांच्या दोन जातींच्या पिल्लांत अन्नासाठी तीव्र स्पर्धा आहे. पुरावा म्हणून तक्ता होता. दोघांच्या पोटातलं सत्तर टक्के अन्न सारखं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा पुसत एकच प्रश्न विचारला, "आणि चिखलात किती होतं?" माझ्याकडे पोटं होती साठ, चिखलाचा नमुना एकही नव्हता.

पंगतीत शेजारी बसलेले दोघे एकच जिलबी खातात म्हणून त्यांचं भांडण आहे असं होत नाही. त्यासाठी जिलबी संपत आलेली असावी लागते. किनाऱ्यावरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र किंवा मत्स्यशास्त्र शिकणाऱ्यांनी हा प्रकल्प हाती घेताना माझी चूक पुन्हा करू नये, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी मासा समजून घ्या

चपटा मासा जन्मतः चपटा नसतो. अंड्यातून निघालेलं पिल्लू इतर माशांसारखंच सरळ, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन पाण्यात तरंगतं आणि प्लवक खातं. मग काही आठवड्यांत एक डोळा डोक्यावरून सरकत पलीकडे जातो, पिल्लू आडवं होतं आणि तळाशी बसतं. या एका बदलात त्याचं घर आणि ताट दोन्ही बदलतात. उत्तर समुद्रातल्या प्लेस या चपट्या माशाची पिल्लं जेमतेम दीड सेंटीमीटरची होण्याआधीच तळाशी येतात, तीही सगळी उथळ, गाळाच्या, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात. म्हणजे दूरवर पसरलेली हजारो पिल्लं एका अरुंद पट्टीत गोळा होतात. रे बेव्हर्टन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये हाच मुद्दा गर्दीच्या भाषेत मांडला: चपट्या माशांची संख्या मर्यादेत राहते ती याच गर्दीच्या टप्प्यात. स्पर्धेचा प्रश्न पिल्लांबाबतच का विचारायचा, याचं उत्तर इथे आहे.

आपल्या बाजूला मुख्य मंडळी तीन. लेप, म्हणजे सायनोग्लॉसस: जिभेसारखा, छातीचे पर नसलेला, डोळे डाव्या बाजूला, वरचा-खालचा पर शेपटीला जोडलेला. भाकस, म्हणजे सेटोडीस: जाड, मोठ्या तोंडाचा, दातांचा, मासे खाणारा. आणि या दोघांच्या मधला स्यूडोरॉम्बस. नावं गावोगाव बदलतात, त्यामुळे मच्छीमाराने सांगितलेलं नाव वहीत लिहून घ्या, पण जात स्वतः तपासा.

डावा-उजवा ओळखायची सोपी रीत अशी. डोळ्यांची बाजू वर आणि पोट स्वतःकडे करून मासा ताटलीत ठेवा. तोंड तुमच्या डाव्या हाताला आलं तर मासा डावा. लेप आणि स्यूडोरॉम्बस डावे, सोल कुळातले उजवे. भाकस मात्र दोन्ही प्रकारचा मिळतो. त्याच्या पाठीचा पर डोळ्याच्या बराच मागे सुरू होतो, ती खूण पाहा.

तोंड आणि आतडं पाहिलं की अर्धा आहार कळतो. मासे खाणाऱ्यांचं तोंड मोठं, जठर मोठं, आतडं आखूड. चिखलातले किडे टिपणाऱ्यांचं तोंड लहान आणि वाकडं, जठर नावापुरतं, आतडं लांब वेटोळ्यांचं. लेप या दुसऱ्या टोकाला बसतो.

प्रश्न एका ओळीत लिहा, मग ऋतू ठरवा

"चपट्या माशांचा आहार" हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. प्रश्न असा हवा: "पाच ते दहा सेंटीमीटरचा लेप आणि त्याच आकाराचा स्यूडोरॉम्बस एकाच वाळूपट्टीवर, एकाच दिवशी काय खातात, आणि ते तिथे पुरेसं आहे का?" आकार, जागा, वेळ यांतलं एक जरी सुटलं तरी तुलना लंगडी पडते. पाच सेंटीमीटरचा मासा आणि पंधराचा मासा एकाच जातीचे असले तरी आहाराच्या दृष्टीने जवळजवळ दोन वेगळे प्राणी आहेत.

ऋतूबद्दल मलबार किनाऱ्यावरचा एक जुना अभ्यास माहीत हवा. १९५० च्या दशकात कालिकतला जी. शेषप्पा आणि बी. एस. भीमाचार यांनी तिथल्या लेपावर काम केलं. तो मासा त्यांनी तेव्हा सेमिफॅसिएटस म्हणून नोंदवला. आज त्याला सायनोग्लॉसस मॅक्रोस्टोमस म्हणतात. लेपाचं मुख्य अन्न पॉलिकीट, म्हणजे चिखलातले खंडाखंडांचे किडे. शेषप्पांना दिसलं की नैर्ऋत्य मोसमी पावसात किनाऱ्याजवळच्या तळावरची जीवसृष्टी विरळ होते आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा भरते. लेपाच्या खवल्यावर पावसाळ्यात उठणाऱ्या वलयाचा संबंध त्यांनी याच उपासमारीशी लावला, आणि ती वलयं मोजून वय काढलं. खवल्यावर उपासाची नोंद ठेवणारा मासा! मला अजूनही याचं नवल वाटतं.

आपल्याला यातून काय घ्यायचं? अन्न वर्षभर सारखं नसतं. फक्त डिसेंबरात नमुने घेतलेत तर भरल्या ताटाचं चित्र मिळेल. पश्चिम किनाऱ्यावर साधारण जून-जुलैत मासेमारीबंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा पावसातल्या नमुन्यांचा हट्ट नको. पण ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात पहिली फेरी आणि मग महिन्याला एक अशी मार्चपर्यंत ठेवा. तळ भरत जाताना पोटं कशी बदलतात, हे त्या पहिल्या दोन फेऱ्यांतच दिसतं.

मासे मिळवणं

सगळ्यात सोपं म्हणजे रापणकरांशी, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांशी, ओळख काढणं. रापण ओढली की लेपाची पिल्लं कडेला टाकून दिलेली असतात. पण त्यात मेख आहे. जाळं आवळत येताना आत सापडलेले मासे एकमेकांना खातात, भाकसासारखा तर नक्कीच. घशात अडकलेलं, अजिबात न पचलेलं जवळ्याचं अंग दिसलं तर ते जाळ्यातलं जेवण समजून वेगळं नोंदवा. शिवाय रापण किती पट्टा झाडून आली हे नेमकं सांगता येत नाही, म्हणून तिच्यातून पोटं मिळतील, दर चौरस मीटरला किती मासे हा आकडा मिळणार नाही. तो हवा असेल तर गुडघाभर पाण्यात दोघांनी ढकलायचं चौकटीचं जाळं करून घ्या. त्याची रुंदी ठरलेली, चाललेलं अंतर पावलांनी किंवा दोरीने मोजलेलं. गुणाकार केला की क्षेत्रफळ आलं.

भरतीचं वेळापत्रक खिशात असू द्या. उधाणाची सुकती, म्हणजे मोठ्या भरतीनंतरची ओहोटी, उत्तम, कारण पट्टा लांबवर उघडा पडतो आणि उरलेल्या उथळ पाण्यात पिल्लं सापडतात. मात्र पिल्लं बऱ्याचदा भरतीबरोबर वर येऊन खातात आणि सुकतीबरोबर परततात. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात बाल्गझांड नावाचा भरती-ओहोटीचा मोठा सपाट पट्टा आहे. तिथे प्लेसच्या पिल्लांची ही ये-जा १९७० च्या दशकात नीट मोजली गेली. म्हणून किमान एकदा तरी भरतीच्या आधी, भरतीला आणि सुकतीला असे तीन नमुने एकाच दिवशी घ्या. पोट कधी भरलेलं असतं हे कळल्याशिवाय "रिकामी पोटं जास्त" या वाक्याला अर्थ नाही.

रात्रही सोडू नका. युरोपातला सोल रात्री वासाने आणि स्पर्शाने अन्न शोधतो. त्याच्या डोक्याच्या पांढऱ्या बाजूला त्यासाठी बारीक उंचवटे असतात. प्लेस आणि फ्लाउंडर दिवसा, नजरेने खातात. तोच पट्टा, तेच किडे, पण पाळ्या वेगळ्या. तुमच्या दोन जातींमध्ये असं काही आहे का हे फक्त दिवसा जाऊन कळणार नाही. रात्री एकट्याने जायचं नाही, आणि खाडीच्या चिखलात स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय तर अजिबात नाही.

दर आकारगटाला वीस-तीस पोटं पुरतात. त्याहून जास्त पिल्लं मारण्यात शहाणपणा नाही. पुरली की नाही हे तपासायची युक्ती: प्रत्येक नव्या पोटागणिक भक्ष्याचे नवे प्रकार किती मिळाले त्याचा आलेख काढत चला. रेघ आडवी झाली की थांबा.

मासा मेला तरी पोट चालूच असतं

आपल्या पाण्यात पचन झपाट्याने होतं. मासा हातात आला की लगेच बर्फ आणि पाण्याच्या काल्यात. किनाऱ्यावरच फॉर्मलिन करायचं असेल तर बाजारातल्या फॉर्मलिनचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग, त्यात चिमूटभर बोरॅक्स. नाहीतर आम्लामुळे शिंपल्यांचे तुकडे विरघळतात. मोठ्या पिल्लांच्या पोटात सुईने थोडं टोचा, कारण बाहेरून आत पोचेपर्यंत उशीर होतो. हातमोजे, मोकळी हवा, डोळ्यांना चष्मा. दोन-तीन दिवसांनी पाण्यात धुऊन सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. लांबी आणि वजन फॉर्मलिनच्या आधी मोजा, नंतर मासा आखडतो.

चिठ्ठी बरणीच्या आत टाका, जाड कागदावर, पेन्सिलने लिहिलेली. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये पळते. बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी पहिल्याच पावसात पडते. आणि हे सगळं घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नका. कारण सांगायची गरज नसावी.

चपट्या माशांचा एक फायदा आहे. वाढलेल्या माशांत हवेची पिशवी नसते, त्यामुळे खोलातून वर ओढताना पिशवी फुगून जठर तोंडातून बाहेर येण्याचा प्रकार होत नाही.

पोट उघडणं

पांढरी बाजू वर ठेवा. लेपाचं पोट डोक्याच्या मागे अगदी लहान जागेत कोंबलेलं असतं. गुदद्वारापासून पुढे, बारीक कात्रीने, उथळ काप घ्या. जठर वेगळं ओळखू येत नसेल तर घशापासून आतड्याच्या पहिल्या वळणापर्यंतचा भाग घ्या आणि सगळ्या माशांत तेवढाच घ्या. मागच्या आतड्यात कठीण कवचांचे तुकडेच टिकतात, मऊ किडे विरून जातात. तो भाग मोजलात तर मासा शिंपल्याच खातो असा भास होईल.

उघडण्याआधी पोट किती भरलं आहे ते शून्य ते चार अशा अंकांत लिहा. मग पेट्री डिशमध्ये थोड्या पाण्यात सगळं मोकळं करा आणि स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहा. अखंड प्राणी क्वचितच मिळेल, तुकड्यांवरून ओळख पटवायची असते. पॉलिकीट विरले तरी त्यांचे काचेसारखे बारीक केस आणि काहींचे काळपट जबडे राहतात. अ‍ॅम्फिपॉडचे पाय आणि डोळे राहतात; हे कोळंबीसारखे, पण इवलेसे कवचधारी. कोपेपॉड, म्हणजे त्याहूनही बारीक कवचधारी, लहान पिल्लांत भरपूर. वाळूचे कण सापडले तर तेही लिहा. मासा तळातून खातो की तळावरून, याचा तो सुगावा असतो. डोकी मोजा, म्हणजे एका किड्याचे चार तुकडे चार किडे होणार नाहीत.

आता ज्या गोष्टीने मला या विषयाचं वेड लावलं ती. कधीकधी डिशमध्ये नुसत्या पांढुरक्या, पोकळ नळ्या दिसतात, शिंपली मात्र एकही नाही. चिखलात पुरून बसलेली शिंपली श्वासासाठी आणि अन्नासाठी वर काढते ती ही नळी, तिला सायफन म्हणतात. मासा फक्त तिचं टोक कुरतडतो. स्कॉटलंडच्या लॉख यू या खाडीत १९६० च्या दशकात प्लेसची पिल्लं टेलिना या शिंपलीची टोकं अशीच खाताना आढळली. शिंपली मरत नाही, टोक पुन्हा उगवतं, मासा पुन्हा येतो. वाडन समुद्रात वाळूत राहणाऱ्या मोठ्या किड्यांच्या शेपट्याही अशाच कुरतडल्या जातात. कुंपणावरची शेवग्याची पानं खुडावीत, तसं.

याचा हिशेबावर थेट परिणाम होतो. अशा ठिकाणी चिखलातल्या शिंपल्या मोजून अन्न किती हे कळत नाही, कारण शिंपल्या तितक्याच राहतात आणि टोकं संपलेली असू शकतात. जमल्यास काही शिंपल्या उघडून सायफनची लांबी पाहा.

चिखल: हा भाग गाळायचा नाही

दहा सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या. पंधरा सेंटीमीटर खोल दाबा, वरून तोंड हाताने बंद करा, बाहेर ओढा. ज्या दिवशी मासे धरले त्याच दिवशी, त्याच पट्ट्यावर, किमान पाच ठिकाणी. पाइपाचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटीमीटर भरतं, म्हणून मिळालेली संख्या १२७ ने गुणली की दर चौरस मीटरचा आकडा येतो. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवा. चाळणीवर उरलेलं फॉर्मलिनमध्ये ठेवताना रोझ बेंगॉल रंगाची चिमूट टाका. जीव गुलाबी होतात, कचरा तसाच राहतो, आणि वेचणाऱ्याचे डोळे वाचतात.

अगदी लहान पिल्लांचं अन्न या चाळणीतून निसटतं. तीन सेंटीमीटरच्या खालचे मासे अभ्यासत असाल तर वरच्या दोन सेंटीमीटरचा वेगळा छोटा नमुना घ्या आणि ६३ मायक्रॉनची चाळणी वापरा. प्रत्येक ठिकाणी पाण्याचं तापमान, क्षारता आणि चिखल की वाळू एवढं लिहा.

आकडेमोड

प्रत्येक भक्ष्यप्रकाराच्या तीन टक्केवाऱ्या काढायच्या: संख्येत किती, वजनात किती, आणि अन्न असलेल्या पोटांपैकी किती पोटांत सापडलं. एकट्या संख्येवर गेलात तर बारीक कोपेपॉड जिंकतात, एकट्या वजनावर गेलात तर एका माशाने गिळलेला एक मोठा किडा. तिघांना जोडणारं सूत्र सोपं आहे: संख्या-टक्के अधिक वजन-टक्के, गुणिले आढळ-टक्के.

हिशेब दाखवण्यापुरते आकडे घेऊ. लेपाच्या पोटात पॉलिकीट ४०, ६० आणि ७५. म्हणजे १०० गुणिले ७५, ७५००. अ‍ॅम्फिपॉड ४५, १५ आणि ५०, म्हणजे ३०००. सायफन १५, २५ आणि ३०, म्हणजे १२००. बेरीज ११७००. त्यात पॉलिकीटांचा वाटा ६४ टक्के. संख्येत अ‍ॅम्फिपॉड पुढे होते, तरी महत्त्वात मागे पडले.

दोन जातींची तुलना शोनरच्या निर्देशांकाने करा. प्रत्येक भक्ष्याचा दोघांतला लहान टक्का घ्या, बेरीज करा, शंभराने भागा. लेपाचं वजनाने अन्न: पॉलिकीट ६०, अ‍ॅम्फिपॉड १५, सायफन २५. स्यूडोरॉम्बसचं: पॉलिकीट १०, अ‍ॅम्फिपॉड ३०, सायफन ५, जवळा आणि माशांची पिल्लं ५५. लहान टक्के १०, १५, ५ आणि ०, उत्तर ०.३०. साधारण ०.६० च्या वर गेलं की साम्य लक्षणीय मानायची प्रथा आहे. ती प्रथाच आहे, निसर्गनियम नव्हे.

इथे एक लबाडी नकळत होते. सगळ्या किड्यांना "पॉलिकीट" या एकाच डब्यात टाकलं की निर्देशांक फुगतो. एक मासा वरवर बिळ करणारा किडा खात असेल आणि दुसरा खोलातला, तरी तुमच्या तक्त्यात दोघे एकच जेवताहेत. माझे सत्तर टक्के असेच आले होते. निदान कुळापर्यंत ओळख न्या, आणि दोन्ही जातींत सारख्याच बारकाईने न्या.

मग स्पर्धा आहे की नाही?

साम्य जास्त असण्याची दोन उलटी कारणं असू शकतात. एक, अन्न इतकं मुबलक की सगळे तेच खाताहेत. दोन, अन्न इतकं कमी की दुसरं काही नाही. पोटं या दोन्हींत फरक करत नाहीत. साम्य कमी असणं हीसुद्धा जुन्या स्पर्धेने लावलेली वाटणी असू शकते, किंवा नुसता तोंडाच्या आकाराचा फरक.

म्हणून तक्ते शेजारी ठेवून पाहा. तळ विरळ असताना पोटं रिकामी होतात का? त्याच महिन्यांत लांबीच्या मानाने वजन घटतं का? मासे दाट असलेल्या पट्ट्यावर वाढ मंद आहे का? एक जात जिथे एकटी असते तिथे ती वेगळं खाते का? या चारांपैकी दोन-तीन उत्तरं एकाच दिशेने गेली तर स्पर्धेबद्दल बोलायला जागा आहे. पक्का पुरावा प्रयोगातूनच मिळतो: जाळीच्या पिंजऱ्यात कमी आणि जास्त मासे ठेवून वाढ मोजणं. एका सेमिस्टरमध्ये ते जमणं कठीण, आणि खाडीत पिंजरे टिकवणं त्याहून कठीण.

वाडन समुद्रात टेक्सल बेटावरच्या संशोधकांनी वेगळी वाट घेतली. तिथल्या तापमानाला प्लेस जास्तीत जास्त किती वाढू शकतो हे प्रयोगशाळेत काढलं आणि पट्ट्यावरच्या पिल्लांची वाढ त्याच्याशी ताडून पाहिली. वसंतात पिल्लं जवळपास पूर्ण वेगाने वाढत होती, म्हणजे हजारोंच्या गर्दीतही अन्न कमी पडत नव्हतं. नंतरच्या कामात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वाढ मागे पडताना दिसली. ऋतू बदलला की उत्तर बदलतं, ते असं. तिथे अगदी लहान पिल्लांच्या संख्येवर जास्त परिणाम दिसला तो तपकिरी कोळंबीचा. तीन सेंटीमीटरपर्यंतची पिल्लं ती खाते. ज्याला आपण भक्ष्य समजतो तेच इथे भक्षक. मोठा झालेला प्लेस तीच कोळंबी खातो, ही गोष्ट वेगळी.

आणि प्रतिस्पर्धी चपटाच असेल असं कुणी सांगितलं? तेच किडे खेकडे खातात, शिंगाळ्याची पिल्लं खातात, सुकतीला चिखलावर उतरणारे पाणलावे आणि तुतारी खातात. जाळ्यात आलेल्या इतर मंडळींची निदान यादी ठेवा, आणि शक्य असेल तर त्यांची दहा-दहा पोटं पाहा. दोन चपट्या माशांची तुलना करण्यापेक्षा लेप आणि खेकडा ही जोडी कितीतरी रंजक निघू शकते.

अहवाल लिहिताना हात आवरा. चिखल घेतला नसेल किंवा एकाच ऋतूचे नमुने असतील, तर "दोन जातींच्या आहारात साम्य आढळले, स्पर्धा तपासलेली नाही" एवढंच लिहा. मी दुरुस्त केलेल्या प्रबंधात शेवटी हेच वाक्य घातलं. पुढच्या सप्टेंबरात पाइप आणि चाळणी घेऊन त्याच पट्ट्यावर परत गेलो, तेव्हा पहिल्या पाच नमुन्यांत मिळून किडे निघाले अकरा.